पुठ्ठ्यावरचा थेंब

परवा आमच्या इंदूरच्या सुदामानगरच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला. विमान उडतंय, इंजिनातून ठिणग्या. कुठला, कधीचा, कुणालाच पत्ता नाही, पण पायलटला सॅल्यूट ठोकून झाले. ठोका, बिघडत नाही. मला मात्र असं काही दिसलं की आधी मेकॅनिक आठवतो. गॅरेजवाल्याचा पोरगा, दुसरं काय!

सियागंजजवळ बाबांचं गॅरेज होतं. ऑइल बदलताना जुना वॉशर हातावर दाखवल्याशिवाय पोराला नवा मिळायचा नाही. मग गाडी चालू ठेवून खाली पुठ्ठा सरकवायचा. वीस मिनिटांनी तो पुठ्ठा बघायचा दुसऱ्याने. बोल्ट आवळणाऱ्याने नाही. गिऱ्हाईक 'और कितना टाइम' करत कावायचं, बाबा ढिम्म.

5 मे 1983. ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं ट्रायस्टार 172 जणांना घेऊन मायामीहून नासाऊला निघालं. मधल्या इंजिनाचं ऑइल प्रेशर उतरलं, म्हणून ते बंद करून विमान मागे वळवलं. थोड्या वेळाने उरलेल्या दोघांचेही काटे खाली. तिन्हींचं तेल एकदम कसं जाईल? काटेच बिघडले असणार, असं कॉकपिटमध्ये वाटलं. मलाही तेच वाटलं असतं. मग तीही दोन्ही बंद पडली. खाली समुद्र, प्रवाशांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि विमान सुमारे तेरा हजार फुटांवरून चार हजारांपर्यंत नुसतं तरंगत खाली. तेवढ्यात मधलं इंजिन पुन्हा धरलं आणि त्या एकावर ते मायामीला उतरलं. सगळे वाचले.

झालं होतं काय, तर तेलातला धातूचा कीस पकडणारे चुंबकी डिटेक्टर रात्रपाळीत तिन्ही इंजिनांत बदलले होते, आणि एकालाही ओ-रिंग, म्हणजे तेल गळू नये म्हणून लागणारी रबरी कडी, नव्हती. एरवी ते रिंग चढवूनच मेकॅनिकच्या हाती यायचे. त्या रात्री स्टोअरमधून आले ते बिनरिंगचे. बसवून इंजिनं स्टार्टरवर काही सेकंद फिरवली, गळती दिसली नाही. काही सेकंद! तेवढ्यात बाबांना पुठ्ठाही सापडला नसता.

माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. त्याआधीच्या दोनेक वर्षांत त्याच कंपनीत याच डिटेक्टरच्या डझनभर भानगडी झाल्या होत्या. दर वेळी मेकॅनिकला झापलं, फाइल बंद. माल बिनरिंगचा येतोच कसा, तिन्ही इंजिनांना एकाच रात्री हात का लावायचा, हे विचारलं तर बोट वर जातं ना, साहेबांकडे. एकाच सवयीच्या हातांनी तिन्ही उघडली, तर ती तीन इंजिनं नव्हेत, एकच. समुद्रावरून लांब जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांसाठी आता तसा नियमच आहे: दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच माणसाने शक्यतो करायचं नाही, केलंच तर दुसऱ्याने तपासायचं.

तरी माणूस थकतोच. 24 मे 2013 ला लंडनच्या हीथ्रोहून उडतानाच एका ए-319 विमानाच्या दोन्ही इंजिनांची झाकणं उडाली, एका इंजिनाला आगही लागली. रात्री ती झाकणं उघडून सामान आणायला गेलेले दोघं परतले ते दुसऱ्याच विमानापाशी. तिथली बंद दिसली, वाटलं कुणीतरी लावली.

व्हिडिओखाली मी एवढंच लिहिलं, 'रात्रपाळीला किती जण होते?' शेजारच्या मित्राचं उत्तर आलं, 'भिया, तू अजून गॅरेजमधनं बाहेर नाही आलास.'