फायबरच्या तळ्याला मुहूर्त तरी कोणता काढावा?

परसबागेत चार कमळे लावता येतील असे एक लहानसे सिमेंटचे तळे बांधावे आणि ते झिरपू नये म्हणून आतून फायबरग्लासचे अस्तर द्यावे, एवढ्या साध्या कामासाठी विदर्भातल्या हवेने माझा जो छळ मांडला आहे, त्याला आता सीमा राहिलेली नाही. थंडी सरल्यापासून नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागेपर्यंतचा काळ पूर्वी हक्काचा कोरडा मानला जाई. आता त्याच दिवसांत आभाळ भरून येते, विजा कडाडतात आणि ताडपत्री उडवून नेणारा वारा सुटतो. २०१८ च्या फेब्रुवारीत गारपिटीने गहू, हरभरा आणि संत्र्याचे जे केले ते पाहिलेल्या माणसाने तळ्यासाठी रडू नये हे मला कळते, पण म्हणून राग गिळावा असेही नाही. हवामानाच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ असे आले की ते तुरळक ठिकाण माझे अंगण असते, हे आता मी गृहीतच धरले आहे.

त्याहून संताप येतो तो सामान विकणाऱ्याच्या बेफिकिरीचा. अस्तराचा पहिला थर अर्धवट असताना सर आली आणि मी तक्रार करायला फोन केला, तर उत्तर मिळाले, ‘‘काही नाही होत जी, ऊन निघालं का वाळून जाते!’’ अहो, हा भिंतीला दिलेला चुना आहे का? पॉलिस्टर रेझिनमध्ये, म्हणजे अस्तराच्या चिकट द्रवात, ते घट्ट करणारा हार्डनर मिसळला की त्यातल्या स्टायरीन या द्रवासकट रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते, आणि त्या क्रियेत पाणी शिरले की वरचा थर दुधाळ पांढरा पडतो, चिकट राहतो, काचेच्या मॅटला, म्हणजे काचतंतूंच्या चटईला, नीट धरत नाही. मग त्यावर कितीही ऊन पडो, तो भाग ग्राइंडरने घासून काढण्याखेरीज इलाज उरत नाही. ग्राइंडर लावावा तर लाइन गेलेली, आणि लाइन आली की दमट उकाड्यात घामाने भिजलेल्या मानेवर काचेची ती बारीक धूळ बसून रात्रभर अंग खाजत राहते.

दुसरा सल्ला तर याहून अचाट होता, की हवा ओली असल्यास हार्डनर जरा जास्त टाकावा. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के घालायचा असतो. जास्त टाकल्याने काँक्रीटमधली ओल बाहेर निघत नाही, उलट रेझिन तापून ठिसूळ होण्याची भीती असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना तर नेहमीच्या प्रमाणातही रेझिन मॅटवर रोलर फिरवण्याआधी डब्यातच घट्ट होऊ लागते. विशेष म्हणजे कोबाल्टची, म्हणजे घट्ट होण्याची क्रिया वेगवान करणाऱ्या द्रवाची, आणि हार्डनरची बाटली एकाच पिशवीत कोंबून देताना, हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडू शकतो, हे सांगण्याची तसदीही कोणी घेतली नाही. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचे आणि हार्डनर शेवटी घालायचा, हे ज्याला ठाऊक नसेल त्याने हात भाजून घ्यायचे काय?

वरून पाऊस आणि खालून आमची काळी माती. पाणी पिऊन ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि खाली मुरुमाची भर नीट घातलेली नसेल तर वरचे काँक्रीट तडकते. भर घातली तरी जमिनीतली ओल बुडातून वर येतच राहते. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवला तर सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात. अशा तळावर अस्तर दिले की फुगे धरणार आणि पापुद्रे सुटणार, हे सांगूनही येणारा-जाणारा म्हणतो, ‘‘एवढा काय विचार करता, लावून टाका.’’ जणू नंतर ते उचकटायला हीच मंडळी येणार आहेत!

आता पेरणीची घाई सुरू झाल्याने मजूर वावरात गेले आहेत आणि मिस्त्री फोन उचलत नाही. पावसाळा संपला तरी जमीन लगेच कोरडी होत नाही, आणि ती होते तोवर थंडी पडून सकाळी दव यायला लागते, म्हणजे काम पुन्हा पुढच्या फेब्रुवारीवर गेले. उघडलेला रेझिनचा डबा परत घेणार नाही, असे दुकानदाराने स्वच्छ सांगितले आहे. टिनाच्या छपराखालच्या उकाड्यात तो डबा तोवर आतल्या आत गोठून जाईल, आणि मग हाच माणूस ‘‘जुना माल चालत नाही जी’’ म्हणत मला पूर्ण भावाने नवा डबा विकेल.