इतिहास लिहा, पण आमचा नको!

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सची दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. पहिलं १७७० चं, इंग्लंडच्या कॅथरिन मेकॉलेला. (आपला शिक्षणवाला मेकॉले वेगळा. त्याच्या जन्माला अजून तीस वर्षं होती.) ही बाई स्टुअर्ट घराण्याच्या राजांपासूनचा इंग्लंडचा इतिहास खंडामागून खंड लिहीत होती आणि राजेशाहीची पिसं काढत होती. ॲडम्स तिला तिच्या काळाचं आणि देशाचं भूषण म्हणतो. दुसरं पत्र १८१३ चं, एल्ब्रिज गेरी या अमेरिकन राजकारण्याला. त्यात म्हणतो, इतिहास हा बायकांचा प्रांत नव्हे.

मधल्या काळात झालं काय? मर्सी ओटिस वॉरन या मॅसॅच्युसेट्सच्या लेखिकेने १८०५ मध्ये अमेरिकन क्रांतीचा त्रिखंडी इतिहास छापला. त्यात लिहिलं की ॲडम्सचे रागलोभ आणि पूर्वग्रह कधी कधी त्याच्या विवेकबुद्धीला भारी पडत. झालं! तिला लिहितं राहा म्हणणाऱ्यांत एकेकाळी हाच पुढे होता. १८०७ मध्ये त्याने तिच्यावर लांबलचक पत्रांची सरबत्ती केली. मर्सीनेही जशास तशी उत्तरं दिली. लेखणी स्टुअर्टांवर चालली तेव्हा भूषण, स्वतःवर आली की प्रांत आठवला. माजी राष्ट्राध्यक्ष असला म्हणून काय झालं, दुखायचं ते दुखलंच.

कॅथरिनचं वेगळ्या वाटेने तेच. १७७८ मध्ये या सत्तेचाळीस वर्षांच्या विधवेने एकवीस वर्षांच्या विल्यम ग्रॅहमशी लग्न केलं. लंडनच्या चर्चमध्ये तिचा पुतळा उभारणाऱ्या पाद्रीबुवांचं माथं भडकलं, पुतळा हलला आणि लोक पुस्तकं सोडून तिच्या नवऱ्याचं वय मोजत बसले. मर्सीने एका पत्रात यावर जे लिहिलंय ते मला फार आवडतं: सत्तरीचा म्हातारा पंधरा वर्षांच्या पोरीशी लग्न करून खुशाल राहतो, तसं आपल्यालाही चालून जाईल असं त्या स्वतंत्र वृत्तीच्या बाईला वाटलं असावं. जरठ-कुमारी विवाह घरोघरी पाहिलेल्या समाजात हे वाक्य कोणाला समजावून सांगायला नको.

अटलांटिकच्या दोन काठांवरच्या या दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना लिहीत होत्या. कॅथरिन १७८४-८५ मध्ये अमेरिकेला जाऊन आली, वॉशिंग्टनच्या घरी पाहुणचारही घेतला. पण या पत्रांत नुसता जयजयकार नाही. इंग्रज राजाची सत्ता गेली, आता आपल्याच माणसांच्या सत्तेला वेसण कोण घालणार, ही मर्सीची काळजी. १७८८ मध्ये नव्या राज्यघटनेवर टीका करणारी एक निनावी पुस्तिका आली, त्यात नागरिकांच्या हक्कांची सनद कुठे आहे, असा सवाल होता. लोकांनी ती गेरीच्या नावावर घातली आणि पुढे शतकाहून जास्त काळ ती त्याच्याच नावावर राहिली. हो, तोच गेरी, ज्याला ॲडम्सने बायकांचा प्रांत समजावला. लेखिका मर्सी होती हे कळलं विसाव्या शतकात, तिने कॅथरिनला लिहिलेल्या पत्रावरून.