मारीचाची मिशी

गेल्या रविवारपासून माझ्या तोंडावर मिशी नाही. कॉलेजात असताना, १९८९ साली आली होती. नोकरी, लग्न, दोन पोरं, एक बायपास (माझा नव्हे, मुंबई-आग्रा रस्त्याचा) हे सगळं तिने पाहिलं आणि शेवटी गेली ती रामायणात कोणी कोणती भूमिका करावी या चर्चेत. चर्चा मी सुरू केली नव्हती. हे मी घरीही सांगितलं, पण घरी पटलेलं नाही.

मला एक खोड आहे. पुस्तक वाचायला घेतलं की तिसऱ्या पानापासून मी डोक्यात नटनट्या बसवायला लागतो. त्यासाठी एक दोनशेपानी वही आहे. डावीकडे पात्र, उजवीकडे नट. नट वारले की खोडायचं, म्हातारे झाले की बापाच्या रांगेत सरकवायचं. वहीत ओळखीची माणसंही आहेत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शकुनी आहेत आणि त्यांना त्याची कल्पना नाही. एकदा बायकोच्या हाती वही लागली. तिच्या नावापुढे मंदोदरी. "म्हणजे तू स्वतःला रावण समजतोस?" मी म्हटलं, नाही, मी बिभीषण. त्यानंतर जी शांतता पसरली तिचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. तेव्हापासून वही कपाटावर, सुटकेसच्या मागे असते.

तर अशा माणसाला कोणी सलूनमध्ये विचारलं, "काका, तो नवीन रामायण येतोय, त्यातले लोक बरोबर घेतलेत का ओ?" तर तो गप्प बसेल का? तेही रविवारी सकाळी, पंचवटीत?

मी राहतो इंदिरानगरला, पण लग्नाआधी पंचवटीत भाड्याने होतो. घर बदललं, सलून बदलायचं जिवावर येतं. आमच्या सलूनवाल्याचा हात हलका आणि तोंड जड. खुर्ची मागे रेलवून, गळ्याशी टॉवेल खोचून, अर्ध्या गालाला फेस लावून झाल्यावर तो विषय काढतो. फेस लागला की माणूस उठून जाऊ शकत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे.

"रणबीर कपूर राम," तो म्हणाला. "यश रावण. आणि सनी देओल हनुमान."

"कुठला तो?" मागच्या बाकावरून आवाज आला.

हे नाना. ऐंशीच्या आसपास वय, मांडीवर केळ्यांची पिशवी. डोक्यावर केस नाहीत आणि दाढी ते घरी करतात. सलूनमध्ये येतात ते पेपर वाचायला, आणि तो दुसऱ्या कोणाला वाचू देत नाहीत. सीतागुंफेमागच्या गल्लीत त्यांचं तीन पिढ्यांचं घर आहे, आणि हे वाक्य ते नावाच्या आधी सांगतात.

"सनी देओल? पंजाबी आहे ना तो," सलूनवाला म्हणाला.

"मग कसा चालेल? हनुमान त्र्यंबक तालुक्यातला."

मला वाटलं गंमत करताहेत. आरशात पाहिलं. नाना गंमत करत नव्हते.

"अंजनेरी," ते म्हणाले. "जन्म तिथला. आता त्या गावात काय धडधाकट पोरं नाहीत का? डोंगर चढून-उतरून एकेकाच्या पिंढऱ्या बघा. हे सोडून पंजाबातून माणूस आणायचा?"

मी फेसातून म्हणालो, "नाना, किष्किंधावाले म्हणतात हनुमान त्यांच्याकडचा." म्हणायला नको होतं. २०२२ साली याच विषयावर नाशिकात साधूंचा शास्त्रार्थ भरला होता, आणि हनुमानाचा जन्म राहिला बाजूला, कोणी कुठल्या आसनावर बसायचं यावरूनच जुंपली होती. नानांनी पेपराची घडी घातली. त्यांनी पेपराची घडी घातलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"तुमचं काय म्हणणं आहे, जटायू पण कर्नाटकातला?"

"तसं नाही म्हटलं मी."

"जटायू इगतपुरीचा. टाकेदला पडला. सर्वतीर्थ टाकेद. गेलाय कधी? नुसती पुस्तकं वाचता." (हे त्यांना कोणी सांगितलं? सलूनवाल्यानेच.) "लक्ष्मण तपोवनातला. म्हणजे आपल्या वॉर्डातला. रामशेजला राम झोपायचा, ते दिंडोरीकडे. सगळं तालुकावार ठरलेलं आहे. हे सिनेमावाले विचारतच नाहीत."

"आणि राम?" सलूनवाल्याने विचारलं. त्याने वस्तरा हातात घेतला होता, पण काम थांबलं होतं.

"राम बाहेरचा चालेल. तो अयोध्येहून बदलीवर आलेला. रावणही बाहेरचा. साहेब लोक बाहेरचेच असतात. पण बाकीचा स्टाफ लोकल पाहिजे. अंबडच्या कंपन्यांना नाही का, ऐंशी टक्के भूमिपुत्र?"

"शूर्पणखा?"

नानांनी जरा विचार केला. "ती बाहेरची. नाक इथलं."

आता इथे मी हसायला नको होतं. पण हसलो, आणि फेस नाकात गेला. ज्या गावाचं नावच नासिकेवरून पडलं असं आम्ही अभिमानाने सांगतो, म्हणजे एका बाईचं नाक कापलं त्या जागी वसलेलं गाव म्हणून मिरवतो, त्या गावात कोणत्या नटीचं नाक कसं आहे यावर कोणीही बोलावं. पण कोणाला हक्क जास्त? नानांच्या हिशेबी इंदिरानगरवाल्याला शून्य.

"सीताहरण आमच्या गल्लीत झालं," ते म्हणाले. "तुम्ही तिकडे पाथर्डी फाट्याकडचे. तुम्हाला काय त्याचं?"

मग उंबरगाव निघालं. निघणारच होतं. १९८७ सालची दूरदर्शनवरची मालिका, ७८ भाग, रविवारी सकाळी सगळी गल्ली सामसूम. आणि चित्रीकरण कुठे, तर गुजरातेत उंबरगावला. हे नानांना अजून पचलेलं नाही. "इथे गोदावरी वाहतेय, पाच वड उभे आहेत, आणि पंचवटी कुठे उभी केली? समुद्रकाठी! आम्हाला कळलं त्या दिवशी गल्लीने ठराव केला. तीन रविवार टीव्ही बंद."

"पाळला?"

"दोन पाळले. तिसऱ्या रविवारी सीताहरण होतं. आपल्याच गल्लीतलं, बघावं तर लागणार."

नानांचं डोकं ठिकाणावर नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण मला सांगा, दाढी अर्धी झालेली असताना आणि समोर असा माणूस असताना आपला अभ्यास बाहेर काढायचा मोह कोणाला आवरेल? मी म्हटलं, "नाना, तालुका सोडा. रंगाचं बोला. इथून शंभर पावलांवर काळाराम आहे. मूर्ती काळी कुळकुळीत. वाल्मीकींचा राम श्यामवर्णी. आणि पडद्यावर आजवर जेवढे राम आले ते सगळे गोरे, फार तर निळी पावडर लावलेले. त्यावर का नाही ठराव?"

हा माझा जुना राग आहे आणि तो खरा आहे. पडद्यावर सगळे एका साच्यातले. वनवासात चौदा वर्षं काढलेल्या माणसाचे दात असे पांढरेशुभ्र कसे? दंड व्यायामशाळेतले, दाढी आखून कोरलेली. कंदमुळं खाऊन असा दंड येतो का हे कोणी त्या आहारतज्ज्ञांना विचारावं. २०२३ सालच्या रामायणपटाचे काही संवाद लोकांनी ओरड केल्यावर बदलले. बरं झालं. पण तोंडं कशी बदलणार? एकदा पाहिलेलं तोंड जात नाही.

हे म्हटल्यावर नाना एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "ते खरं. मी रोज जातो काळारामाला. समोर उभा राहतो. डोळे मिटले की अरुण गोविल येतो."

सलूनमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

मला उगाच माझी आई आठवली. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं ते नाशिकच्या तुरुंगात, म्हणून आमच्याकडे त्या पुस्तकाला घरचा मान होता. मी ते तिसरीत वाचलं तेव्हा श्यामच्या आईला माझ्या आईचं तोंड होतं. कपाळावरची देवीची खूणसुद्धा. मग शाळेने अत्र्यांचा १९५३ सालचा सिनेमा दाखवला. उत्तम सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला, मला नावं ठेवायची नाहीत. वनमालाबाईंनी तर रडवून सोडलं. पण घरी येऊन पुस्तक उघडलं तर आईच्या जागी वनमालाबाई. पुष्कळ प्रयत्न केले. पुन्हा आई काही आली नाही. वही मी त्यानंतर केली. निदान कोण बसणार हे आपण ठरवू, एवढाच हेतू.

असो. हे सगळं मी नानांना सांगणार होतो, पण ते तोवर सावरले होते आणि आरशातून माझं तोंड न्याहाळत होते. खालून वर, मग वरून खाली. वहीत मी इतक्या लोकांना असंच न्याहाळलंय, पण त्या बाजूने ते कसं वाटतं हे माहीत नव्हतं. दुकानात उलटून पाहिलेल्या वांग्यासारखं वाटतं.

"तुम्ही मूळचे कुठले?"

"निफाड."

"मग झालं," नाना म्हणाले. "तुम्ही मारीच."

"का?"

"नांदूर मधमेश्वरला पडला ना तो. मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. तालुका निफाड."

"म्हणजे मी सोन्याचं हरीण," मी म्हटलं. एक तडजोड म्हणून.

"हरीण नव्हे हो. हरीण ते कॉम्प्युटरवर करतात. तुम्ही बाण लागल्यानंतरचा. मूळ रूपातला."

सलूनवाला हसला. मी १९९४ साली वहीत स्वतःला लक्ष्मण लिहिलं होतं. पोट सुटल्यावर बिभीषण केलं. फार फार तर आणखी दहा वर्षांनी दशरथ, अशी तयारी ठेवली होती. आणि हा केळीवाला म्हातारा मला एका दृश्यापुरता राक्षस देतो, तोही मरताना! पण नाना पुढे म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. सगळ्या रामायणात खरा नट तोच एक. दुसऱ्याचं सोंग घेतो, दुसऱ्याचा आवाज काढतो. तुमचा आवाज आहे तसा. काढा बघू, 'हा सीते, हा लक्ष्मणा'."

आणि इथे, कबूल करतो, मला मोह झाला. पस्तीस वर्षं इतरांना भूमिका वाटणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी भूमिका दिली होती. सलूनवाला मिशीची उजवी कड नीट करत होता. तो "थांबा" म्हणाला असं आता सांगतो. मी छाती भरून घेतली, डोळे मिटले आणि बाण लागल्यासारखा ओरडलो, "हा सीते! हा लक्ष्मणाऽऽ!"

उजवी अर्धी मिशी तिथेच गेली.

दुसऱ्या क्षणी काच सरकवून शेजारचा चहावाला आत आला. त्याचं नाव लक्ष्मण. "किती कटिंग?" त्याने विचारलं.

"चार," नाना म्हणाले. आम्ही तिघं होतो. चौथा लक्ष्मणाने स्वतः घेतला.

मग मिशीची वाटणी सुरू झाली. उजवीकडची अर्धी गेली म्हणून डावीकडची थोडी, मग डावीकडची जास्त गेली म्हणून उजवीकडची थोडी. दोन मांजरांच्या लोण्याचं माकडाने जे केलं तेच. शेवटी नाकाखाली जे उरलं ते पाहून लक्ष्मण म्हणाला, "हिटलर." म्हणजे पुन्हा एक भूमिका. मी म्हटलं, काढून टाक सगळी. तुरटी लागली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ते तुरटीमुळेच.

नाना केळी सोलत म्हणाले, "त्र्यंबकच्या फाळक्यांनी पण मिशा उतरवल्याच की लोकांच्या." हे खरं आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना म्हणून दादासाहेबांनी ग्रँट रोडच्या हॉटेलातला आचारी, अण्णा साळुंके, तारामती केला. हॉटेलात दहा रुपये पगार, इथे पंधरा. बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते म्हणून लोक तयार होईनात, असंही सांगतात. पण त्या आचाऱ्याला पाच रुपये वाढवून मिळाले. मला मिळालं काय? दाढीचे ऐंशी गेले, शिवाय चहाचे चाळीस. पन्नासची नोट दिली तर लक्ष्मण म्हणाला, सुटे नाहीत.

सोसायटीच्या दारात वॉचमनने मला पाहिलं आणि खुर्चीवरून उठून हात जोडले. "साहेब... वडील?"

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. तरी मी मान हलवली. त्याला काय सगळं रामायण सांगत बसणार?

बायको दार उघडून दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मंदोदरीने ओळखायचं की नाही?"

काल दहा रुपये मागायला मुद्दाम पंचवटीत गेलो. सलूनकडे पाहिलंही नाही, सरळ टपरीवर. लक्ष्मण पातेलं ढवळत होता. म्हणाला, "आज पण सुटे नाहीत, मामा. पण काही लागलं तर तिथूनच एक आवाज द्या."