राख उडवणं म्हणजे धूर नव्हे

कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुराचा फुप्फुसावर होणारा परिणाम उंदरांवर कसा तपासावा, यावरच्या एका लेखात 'वीजकेंद्रातली राख चेंबरमध्ये (उंदरांना ठेवलेल्या बंद पेटीत) उडवली की प्रयोग तयार' असं सुचवलंय, ते पटत नाही. चिमणीपासून दूर लोकांच्या श्वासात जातं त्यात राख थोडी, सल्फेट जास्त. धुरातल्या सल्फर डायऑक्साइड वायूचं सल्फेट वाटेत, तासन्‌तास उन्हात बनतं. म्हणून विजेवर तापणाऱ्या उभ्या नळीभट्टीत कोळशाची पूड जाळायची, सायक्लोनने (हवा गोल फिरवून जड कण वेगळे करणाऱ्या यंत्राने) 2.5 मायक्रॉनवरचे कण काढायचे, धूर स्वच्छ हवेने पातळ करायचा आणि सल्फेट वेगळं मिसळायचं. किंवा ओझोन, बाष्प आणि अतिनील दिव्यांच्या वेगळ्या चेंबरमध्ये धुरातल्या वायूपासूनच ते बनवायचं. मात्र उरलेला ओझोन डिन्यूडरने (कण तसेच ठेवून वायू शोषणाऱ्या नळीने) काढला नाही तर फुप्फुसावर दिसणारा परिणाम नेमका कशाचा, हेच कळणार नाही.

खरी डोकेदुखी भट्टीत कोळशाची पूड सोडण्याची. तासाला काही ग्रॅमच लागते, जराशी दमट असली की फीडरमध्ये (पूड सोडणाऱ्या यंत्रात) कमान धरते, म्हणजे तोंडाशी अडकून बसते, मग गठ्ठ्याने पडते आणि कणांचं प्रमाण उसळतं. पूड आधी वाळवावी, फीडरला व्हायब्रेटर लावावा.

आणखी एक, सहसा विसरलं जाणारं: उंदरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आम्लयुक्त सल्फेट उदासीन करतो. म्हणून चेंबरमधली हवा तासाला 12-15 वेळा बदला, ट्रे रोज धुवा, आणि मोजमाप भट्टीच्या तोंडाशी न करता प्राण्यांच्या नाकाच्या उंचीवर करा.