फोन नंतर, आधी कागद मागा

काल रात्री कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या एका पोराला 'चौकशीला' म्हणून उचललं. मोबाईल चोरीचा संशय. आज दुपारपर्यंत घरच्यांनी काय केलं? भाऊंना फोन, भाऊंच्या पीएला फोन, तालमीच्या अध्यक्षांना फोन. 'बघतो' म्हणालेत. अरे, अटक झालेल्याचे हक्क सांगणारं घटनेचं कलम 22 कुणाच्या 'बघतो'वर चालत नाही!

चौकशीला बोलवायचं तर लेखी नोटीस लागते. अटक केली तर कारण लेखी द्यावं लागतं, तेही त्या माणसाला कळेल अशा भाषेत. गुन्हा कुठलाही असो, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2025 मध्ये स्पष्ट केलंय. वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. 'शनिवारी उचललाय, आता सोमवारीच' ही आपल्याकडची समजूत साफ खोटी. सुट्टीच्या दिवशीही रिमांडचं, म्हणजे कोठडी द्यायची की नाही ते ठरवणारं, कोर्ट असतं.

घोळ होतो तो वेळेत. पोरगं नेलं रात्री, कागदावर अटक दाखवायची दुसऱ्या दिवशी सकाळी. मधले तास गायब! म्हणून पहिलं काम साध्या अर्जाचं. किती वाजता नेलं, कोण आले होते, गाडी कुठली, एवढं लिहा. ठाण्यात द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना ईमेल करा, त्यावर वेळ आपोआप पडते. अटकेच्या कागदावर घरच्या किंवा भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घेतात. वेळ वाचल्याशिवाय ती करू नका. वेळ चुकीची असेल तर सहीशेजारी स्वतःच्या हातानं खरी वेळ लिहा. मॅजिस्ट्रेट 'काही तक्रार?' विचारतात, तेव्हा पोरानं मान खाली घालून 'नाही साहेब' म्हटलं की विषय संपला.

पोलिसांकडं माणसं कमी आणि बंदोबस्त जास्त, मान्य. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला (गुन्हा होऊ नये म्हणून आधीच कोंडून ठेवणं) हे नियम लागू नाहीत, हेही घटनेतच आहे. पण ही साधी चोरी, शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. यात अटकेची गरज का पडली, ते पोलिसांनी लिहून ठेवावंच लागतं.

त्याची आई सकाळपासून ठाण्याबाहेर डबा घेऊन उभी आहे. तिच्यावर कसला राग काढायचा? वकिलाला पैसे कुठनं आणू, एवढाच तिला घोर. माऊली, कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या विधी सेवा कायद्याचं कलम 12. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन 15100.

24 तास उलटले आणि पोरगं कोर्टात आणतच नाहीत, तर घटनेच्या कलम 226 खाली हेबियस कॉर्पस, म्हणजे 'माणूस कोर्टापुढे हजर करा' असा हायकोर्टात अर्ज. त्यासाठी आता मुंबईची गाडी धरायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) इथंच सीपीआर रुग्णालयासमोर सुरू आहे. चार दशकं वकील भांडले त्यासाठी.

अर्ज लिहायला कुणाला अडचण असेल तर मेसेज करा, मजकूर पाठवतो.