किंगडोमवासी काकांना उत्तर: मरिनर्सचा हा हिवाळा मागच्या दोन हिवाळ्यांसारखा नाही

काका, नमस्कार.

तुम्ही ‘किंगडोमवासी’ (किंगडोम म्हणजे आपल्या मरिनर्सचं जुनं मैदान) या नावाने लिहिता आणि पहिल्याच ओळीत मला ‘अरे पोरा’ म्हणालात, म्हणून मीही हक्काने काका म्हणतोय. तुमची प्रतिक्रिया वाचता वाचता चहा निवून गेला. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नव्हती. म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्या सिएटल मरिनर्स या बेसबॉल संघाने या (२०२५-२६ च्या) हिवाळ्यात, म्हणजे दोन हंगामांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीच्या काळात, आतापर्यंत जे केलंय ते बरोबर दिशेने आहे. काकांना हे साफ नामंजूर. फलंदाज पोलान्कोला जाऊ दिलं, ही त्यांची पहिली तक्रार. नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतलेला कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) हॅरी फोर्ड एका रिलीव्हरसाठी (सामन्यात नंतर येऊन चेंडू टाकणाऱ्या पिचरसाठी) देऊन टाकला, ही दुसरी. आणि माझ्यासारखे लोक ज्या तरुण पोरांची नावं घेत बसतात ते सगळं ‘बाजारात तुरी’ आहे. काकांचं म्हणणं, त्या पोरांना आत्ताच विकून मोठा फलंदाज आणावा, कारण आपला कॅचर कॅल रॅली पुन्हा ६० होमरन मारणार नाही आणि २०२५ पुन्हा येणार नाही. शेवटची ओळ अशी: ‘मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मला वर्ल्ड सिरीज बघायला मिळणार आहे का, तेवढं सांग.’ म्हणजे मरिनर्सना बेसबॉलच्या त्या अंतिम मालिकेत खेळताना.

आधी तुमचं जे मला पूर्ण मान्य आहे ते बोलतो. मालकांनी आजवर हात आखडताच घेतला. २०२३ मध्ये आपण ८८ सामने जिंकलो आणि एका सामन्याने प्लेऑफ हुकलं. त्यानंतर संघाचे खेळप्रमुख जेरी डिपोटोंनी दशकभर ५४ टक्के सामने जिंकत राहण्याचं गणित मांडलं, ते माझ्याही जिव्हारी लागलं होतं. त्या हिवाळ्यात युजेनियो सुआरेझला ॲरिझोनाला धाडलं, टेओस्कार हर्नांडेझला थांबवलं नाही. टेओस्कार डॉजर्सकडे गेला आणि पहिल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकला. आपण २०२४ ला ८५ जिंकलो आणि पुन्हा एकाच सामन्याने बाहेर. जूनमध्ये विभागात दहा सामन्यांची आघाडी होती, ती ऑगस्टपर्यंत संपलेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात काय आणलं? डोनोव्हन सोलानो, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला आपलाच पोलान्को परत. त्या दोन हिवाळ्यांबद्दल तुम्ही जे जे लिहिलंत त्याखाली मी सही करतो.

पण काका, हा हिवाळा त्या दोघांच्या रांगेत बसवू नका. नोव्हेंबर संपायच्या आत फलंदाज जॉश नेलरशी पाच वर्षांचा, ९ कोटी २५ लाख डॉलरचा करार झाला. बाजारातल्या मोठ्या नावांपैकी एक आपल्याकडेच थांबला, तोही डिसेंबरच्या ओढाताणीत न पडता. आपल्या संघाने असं शेवटचं कधी केलं होतं, तुम्हीच आठवून बघा. मला तर चटकन सापडत नाही. आणि नेलर म्हणजे नुसता होमरन मारणारा नाही. अख्ख्या लीगमध्ये पायाने सगळ्यात मंद असलेल्यांपैकी तो एक, तरी या वर्षी त्याने ३० बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असतानाच धावून पुढचा बेस गाठणं), त्यातले १९ जुलैअखेरीस आपल्याकडे आल्यानंतर. पिचर पाय कधी उचलतो, मान कधी वळवतो, याचा अभ्यास करून तो धावतो. पहिल्या बेसवर तो पावलापावलाने सरकायला लागला की पिचरचं लक्ष उडतं आणि समोरच्या फलंदाजाला बरा चेंडू मिळतो. 

आता पोलान्को. याच्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, खरंच. १० ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्धच्या प्लेऑफच्या निर्णायक पाचव्या सामन्याला मी मैदानावर होतो, वरच्या मजल्यावर. त्यांचा पिचर टॅरिक स्कूबल याने आपले १३ जण बाद केले होते. लिओ रिव्हासने आपल्या वाढदिवसाला सातव्या इनिंगमध्ये बरोबरी करून दिली आणि मग सामना पुढे सरकेचना. तेराव्या इनिंगपासून आमच्या रांगेत कुणी बसलं नव्हतं. शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, ओळख ना पाळख, त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. पंधराव्या इनिंगमध्ये बेस भरलेले, पोलान्कोने चेंडू उजवीकडे मारला, जे. पी. क्रॉफर्ड घरी पोचला आणि त्या बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या. जवळजवळ पाच तास चालला तो सामना. परतताना स्टेडियम स्टेशनच्या फलाटावर शेकडो माणसं उभी होती, आणि कुणाच्याच घशात आवाज उरलेला नव्हता.

तर पोलान्को माझ्यासाठी कोण आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तरी न्यूयॉर्कच्या मेट्सनी त्याला दोन वर्षांसाठी ४ कोटी दिले, तेवढे आपण द्यायला हवे होते असं मला वाटत नाही. तो बत्तीस वर्षांचा आहे. त्या गुडघ्यावर रोज दुसरा बेस सांभाळणं त्याला झेपत नाही, म्हणजे वर्षाला २ कोटी प्रामुख्याने त्याच्या बॅटचे. त्याने या वर्षी २६ होमरन मारले, त्याच्या आदल्या वर्षी १६, आणि तेही .२१३ च्या सरासरीने. यातला कोणता पोलान्को न्यूयॉर्कला खेळेल हे कुणी सांगू शकत नाही.

मात्र इथे माझी एक अट आहे आणि ती मी मागच्या लेखात नीट मांडली नव्हती, ही माझी चूक. पोलान्कोचे वाचलेले पैसे मैदानावर दिसले पाहिजेत. नेलरच्या पाठीमागे येणारा आणखी एक भरवशाचा फलंदाज आपल्याला लागणारच आहे. हे लिहितोय तोवर सुआरेझचंही कुठे ठरलेलं नाही. फेब्रुवारीत ॲरिझोनात पिओरियाला सराव सुरू होईपर्यंत ही जागा रिकामी राहिली, तर मी तुमच्या बाजूने लिहीन आणि ते लिहिताना कुणाची भीड बाळगणार नाही.

फोर्डच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी भांडणार. पोरगा गुणी आहे, प्रश्नच नाही. २०२१ मध्ये बाराव्या क्रमांकावर निवडला, ग्रेट ब्रिटनकडून वर्ल्ड बेसबॉल क्लासिक खेळला. पण तो कॅचर आहे, आणि आपला कॅचर २०३० पर्यंत करारबद्ध आहे. फोर्डने करायचं काय? आठवड्यातून एकदा रॅलीला विश्रांती द्यायची? रॅली विश्रांती घेतो तरी कुठे, या वर्षी १६२ पैकी १५९ सामने खेळला. दुसऱ्या क्रमांकाचा कॅचर आता आपल्याकडे कच्चा आहे, ही तुमची काळजी खरी आहे. पण त्यासाठी अनुभवी माणूस थोडक्या पैशात मिळतो.

आणि बदल्यात काय आलं ते बघा. होसे फेरेर डाव्या हाताचा आहे, ताशी ९५ मैलांच्या वर सिंकर (शेवटी खाली बुडणारा चेंडू) टाकतो, आणि अजून काही वर्षं तो आपल्याच ताब्यात राहणार. तुम्ही म्हणालात, ‘एका रिलीव्हरसाठी?’ काका, २० ऑक्टोबरची ती सातवी इनिंग आठवा. टोरांटोत सातवा सामना, आपण ३-१ ने पुढे, वर्ल्ड सिरीज आठ-नऊ बादांवर. आपला पिचर वू याने एकाला खराब चेंडूंवर फुकट पहिला बेस दिला, पुढच्याने एका बेसचा फटका मारला, मग बंट (बॅटने नुसता थोपवलेला चेंडू), दोन जण बेसवर. रिलीव्हर बझार्डो आला आणि टोरांटोच्या स्प्रिंगरने चेंडू डावीकडे प्रेक्षकांत पाठवला. आपला हुकमी रिलीव्हर मुन्योझला का नाही आणलं, यावर आपण सगळे महिनाभर बोललो. मी स्वतः आपले व्यवस्थापक डॅन विल्सनवर खूप चिडलो होतो.

स्प्रिंगर उजव्या हाताने खेळतो, तेव्हा फेरेर असता तरी त्याला नेमकं त्याच्यासमोर उभं केलं असतं असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय ते त्याच्या आधीच्या दोन-अडीच आठवड्यांबद्दल. आपल्याकडे भरवशाचे रिलीव्हर चारच: मुन्योझ, ब्रॅश, स्पायर, बझार्डो. प्रत्येक अटीतटीच्या सामन्यात तेच चार. डेट्रॉइटच्या त्या रात्री तर गिल्बर्ट आणि कास्तिल्यो या सुरुवात करणाऱ्या पिचरना मधूनच आणावं लागलं. पाचवा हात असता तर बाकीच्या चारांचे हात ऑक्टोबरच्या विसाव्या दिवशी थोडे ताजे असते. आणि भरवशाचा डावखुरा म्हणाल तर स्पायर एकटाच होता. फोर्डला देऊन आपण त्या इनिंगचं उत्तर शोधलंय. मला तरी हा सौदा पटतो.

राहता राहिली ‘बाजारातली तुरी’. इथे मला तुमचं नवल वाटलं, कारण तुम्ही किंगडोममध्ये बसून सामने पाहिलेले आहेत. १९९७ चा जुलै तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. बुलपेन (रिलीव्हरांची फळी) गळत होतं म्हणून घाईघाईने हीथक्लिफ स्लोकम आणला आणि बॉस्टनला काय दिलं? जेसन व्हॅरिटेक आणि डेरेक लो. दोघांनी २००४ मध्ये बॉस्टनला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. तुम्ही म्हणाल, मग फोर्डचा सौदाही तोच झाला की. नाही. स्लोकम आला तेव्हाच त्याचं ते वर्ष वाईट चाललेलं होतं, आणि आपल्याकडे व्हॅरिटेकची वाट अडवणारा रॅली नव्हता. २००८ चंही तसंच. पिचर एरिक बेडार्डसाठी ॲडम जोन्स, ख्रिस टिलमन, जॉर्ज शेरिल आणि आणखी दोघे बाल्टिमोरला दिले. बेडार्ड दुखापतींनी निम्मा वेळ बाहेर, आणि जोन्स तिकडे पाच वेळा ऑल-स्टार झाला. ज्याच्या नावाची या हिवाळ्यात सारखी चर्चा झाली तो केटेल मार्टेसुद्धा २०१६ मध्ये आपणच ॲरिझोनाला दिलेला. घाईत पोरं विकायची किंमत आपल्याइतकी फार थोड्या संघांनी मोजलीय.

याउलट १९९८ ला दिग्गज पिचर रँडी जॉन्सन ह्यूस्टनला गेला तेव्हा शहर रडलं होतं. त्याच्या बदल्यात फ्रेडी गार्सिया, कार्लोस गियेन आणि हालामा आले. २००० मध्ये लाडका फलंदाज ग्रिफी गेला. त्याच वर्षाअखेर ए-रॉड टेक्सासला गेला. आणि २००१ ला आपण ११६ सामने जिंकलो. तुम्हीच लिहिलंय की त्या वर्षी तुम्ही इचिरोचे चाळीस सामने मैदानावर जाऊन पाहिलेत. मग पोलान्को गेला म्हणून सगळं संपलं, हे तुमच्या तोंडी कसं शोभेल?

आपल्या खालच्या संघांतला तरुण खेळाडू कोल्ट एमरसनबद्दल मात्र ऐकीव बोलत नाही. मे महिन्यात मी मुलीला घेऊन एव्हरेटला ॲक्वासॉक्स या आपल्याच खालच्या संघाचा सामना बघायला गेलो होतो. आमच्या घरून अर्ध्या तासाचा रस्ता, तिकीट स्वस्त, आणि माणूस कुंपणाला टेकून खेळाडू बघू शकतो. सामन्याच्या आधी तो शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा) सराव करत होता. कोच त्याच्या उजव्या हाताला, मुद्दाम लांब, एकामागून एक चेंडू मारत होते. तो धावत नव्हताच असं वाटावं इतका शांत. चेंडू टप्पा घेईपर्यंत पाय लागलेले असायचे. एक चेंडू खड्ड्याला लागून वेडावाकडा उडाला, याने ग्लव्ह मनगटातून वळवला, झेलला, आणि चेहऱ्यावर काहीही न आणता पहिल्या बेसकडे फेकला. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तो दादा घाबरत नाही.’ तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. हंगाम संपता संपता एव्हरेटहून आर्कान्सा आणि तिथून टकोमापर्यंत, म्हणजे मोठ्या संघाच्या एकच पायरी खाली पोचला. हा मुलगा मी कुठल्याही फलंदाजासाठी देणार नाही. तुम्ही तिकडे असतात तर तुम्हीही दिला नसतात.

तरुण पिचर केड अँडरसनही देऊ नये. लुइझियानाच्या एलएसयू विद्यापीठाकडून कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या अंतिम फेरीत त्याने अख्खा सामना एकट्याने टाकून १-० ने जिंकून दिला. डावखुरा आहे, आणि आपले सुरुवातीचे पाचही पिचर उजव्या हाताचे आहेत. बाकीच्या पोरांत माझा तुमच्याइतका जीव अडकलेला नाही. माँतेस, अरोयो, फार्मेलो, सेलेस्टेन यांपैकी एखाददुसरा देऊन तिसऱ्या बेसला चांगला माणूस मिळत असेल तर द्यावा. मोठ्या फलंदाजाची गरज आहे हे मी नाकारत नाही. फक्त एमरसन आणि अँडरसन ही दोन नावं त्या यादीत नकोत.

रॅली ६० मारणार नाही, बरोबर. पण ४० मारले तरी तो कॅचर आहे हे विसरू नका, आणि या वर्षीचा विभाग त्याने एकट्याने जिंकला नाही. शेवटच्या महिन्यात पिचरनी ज्या पद्धतीने ह्यूस्टनला मागे टाकलं ते तुम्ही पाहिलंत. तेच पाच जण पुढच्या वर्षीही आहेत, आणि त्यांतले मिलर व कर्बी २०२५ मध्ये बराच काळ दुखण्यांतून सावरत होते. ते धडधाकट परतले तर ९० च्या वर जिंकण्यासाठी रॅलीने विक्रमच करायला हवा असं नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि खोटा दिलासा तुम्हाला देणार नाही. आपला संघ १९७७ पासून खेळतोय आणि तीसही संघांत वर्ल्ड सिरीज न गाठलेला एकटा आहे. आठ-नऊ बादांपर्यंत मात्र याच ऑक्टोबरमध्ये पोचलो, आणि तुम्ही ते पाहिलंत.

एप्रिलमध्ये एमरसन मोठ्या संघात नसेल तर टकोमाला असेल. तिथल्या चेनी स्टेडियमची तीन तिकिटं काढतो: तुम्ही, मी आणि माझी मुलगी. तिला किंगडोमच्या गोष्टी ऐकायच्या आहेत, विशेषतः १९९५ च्या प्लेऑफमध्ये एडगरच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) ग्रिफी पहिल्या बेसवरून धावत घरी आला ती. मी ती गोष्ट फक्त टीव्हीवर पाहिलीय. तुमचा फोन नंबर इथे उघड टाकू नका, ईमेलवर कळवा. शनिवारचा दुपारचा सामना बघू या, म्हणजे तुम्हाला रात्रीचं गाडी चालवत परतावं लागणार नाही.