आमचं एचडीएल चौतीस

वजन, बीपी, शुगर, लाइट बिल, घरात काहीही वाढलं की ते कमी कसं करायचं हे सांगायला अख्खी सोसायटी येते. माझं नेमकं कमी निघालं. लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या कागदावर एचडीएल (ते 'चांगलं' कोलेस्टेरॉल) ३४, आणि पुरुषांना कमीत कमी ४० तरी पाहिजे म्हणे (बायकांना ५०). बायकोनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "चांगलं तेवढंच बरं कमी असतं तुमच्यात!"

डॉक्टरांनी समजावलं की हे एचडीएल रक्तवाहिन्यांमधलं जास्तीचं कोलेस्टेरॉल उचलून लिव्हरकडे पोचवतं. म्हटलं मग द्या की एखादी गोळी, विषय संपला. तर म्हणे गोळीनं आकडा वाढतो, पण उपयोग होत नाही. नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) द्यायचे पूर्वी, आकडा मस्त वर जायचा पण हार्ट अटॅक काही कमी होईनात, शेवटी २०११ मध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी मधेच थांबवली. तेव्हा चाला, पोट कमी करा, मैदा-साखर-तळण आवरा, सिगारेट ओढत असाल तर सोडा. सिगारेट मी कधीच ओढली नाही याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं, सोडायला काहीतरी सोपं मिळालं असतं.

आता गंमत बघा, 'आवरा' हा शब्द घरी कुणी ऐकलाच नाही, सगळ्यांनी भरच घातली. जवसाची चटणी आली, भिजवलेले अक्रोड आले, नाशिकच्या मावशीनं फोनवरून अनशापोटी लसूण सुरू केला. बांगडा चांगला असं कुणीतरी म्हणालं, पण आमच्याकडे हा शब्दसुद्धा खिडक्या लावून उच्चारतात. दारूनं एचडीएल थोडं वाढतं हे मित्रांना बरोब्बर माहीत होतं, त्यासाठी कोणताही डॉक्टर दारू प्या म्हणत नाही हे मात्र एकालाही माहीत नव्हतं.

आणि हे सगळं पोटात गेल्यावर वर एकादशीची साबुदाणा खिचडी. आई म्हणते उपासाचं कुठं बाधतं का. अगं, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात बटाटा, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी वर आणि बहुतेक वेळा एचडीएल खाली! एवढं बोलेपर्यंत ताटलीत लिंबाची फोड आणि दही येऊन पडतं, मग काय बोलणार. खारीसाठी मात्र मी भांडलो, म्हटलं २०२२ पासून ट्रान्स फॅट (ती डालड्यातली वाईट चरबी) २ टक्क्यांच्या वर चालतच नाही, सरकारी नियम आहे. बायको म्हणाली, "आणि मैदा काय सरकार खाणारे?"

राहता राहिलं चालणं. तर पुण्यातल्या तळजाई टेकडीवर जायला लागलो. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, असा वेग ठेवायचा असतो. तळजाईवर गाणं सोडा, लोक भाषण करत चालतात. मेट्रो कुठून न्यायला हवी होती यावर आमच्या पुढचा ग्रुप मध्येच उभा राहतो, आणि मागच्यांचं हृदय आपोआप विश्रांती घेतं. खाली उतरलं की दुधी, कारलं, गव्हांकुर, सगळे रस एकाच हिरव्या रंगाचे, ग्लासाच्या कडेला फेस चिकटलेला, आणि ते नाक दाबून प्यायलेली तीच मंडळी पुढच्या दहा मिनिटांत मिसळीवर 'तर्री जास्त' म्हणताना दिसतात.

तिथे एक रिटायर्ड काका आहेत. ते नाव विचारत नाहीत, थेट "एचडीएल किती?" स्वतःचं ६१. करतात काय, तर काही नाही, घराण्यातच आहे म्हणे. वर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७० आहे ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत, मी विचारलं.

मध्यंतरी परत टेस्ट केली. ट्रायग्लिसराइड २४० वरून १६०, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, डॉक्टर एकदम खूश. एचडीएल ३७. म्हणाले ते असंच कणाकणानं वाढतं, चालत राहा. मी काकांना आकडा सांगितला तर त्यांनी पाठीवर थाप मारली, "वा, पस्तीसच्या वर! बोर्डात पास झाला असतात!" आणि आनंदानं दोन कारल्याचे रस मागवले, एक त्यांना एक मला, आणि प्यायल्यावर हात पुसत मला म्हणाले, सुट्टे असतील ना तुमच्याकडे.